वाटेकरी कोण? : संगणकजालांतील बँडविड्थ-वाटपाचा इतिहास

'बँडविड्थ' हा शब्द मूळचा संगणकशास्त्रातील नव्हे. बिनतारी संदेशवहनात एखादे प्रक्षेपण कंप्रतेच्या पट्ट्यातील किती रुंदी व्यापते हे सांगण्यासाठी तो योजला जाई आणि त्याचे माप हर्ट्झमध्ये दिले जाई. १९४८ साली क्लॉड शॅनन यांनी पट्ट्याची ही रुंदी आणि वाहिनीची संदेशवहनक्षमता यांतील गणिती संबंध सिद्ध केला. पुढे संगणकजालांच्या अभ्यासकांनी कारणाचे नाव कार्याला दिले, आणि दर सेकंदाला किती बिट वाहून नेता येतात या क्षमतेलाच ते 'बँडविड्थ' म्हणू लागले. 'गंगेवर गौळवाडा' म्हणताना आपले प्राचीन मीमांसक ज्या शब्दशक्तीचा निर्देश करीत, तीच लक्षणा येथे काम करताना दिसते. या अर्थांतराचा एक परिणाम मात्र सहसा लक्षात घेतला जात नाही. पट्ट्याची रुंदी ही वस्तूच्या अंगचा गुण होती. क्षमता ही वाटून घेण्याची चीज झाली.

वाटणी म्हटली की तीन गोष्टी ठरल्या पाहिजेत : काय वाटावयाचे, किती वाटावयाचे आणि कोणाला वाटावयाचे. संगणकजालांच्या इतिहासात पहिल्या प्रश्नाचे उत्तर लवकर निश्चित झाले. दुसऱ्या प्रश्नावर विपुल गणित खर्ची पडले. तिसरा प्रश्न मात्र दीर्घकाळ प्रश्न म्हणून ओळखलाच गेला नाही. वाटेकरी कोण हे उघडच आहे असे प्रत्येक पिढीने गृहीत धरले, आणि प्रत्येक पिढीचे गृहीत वेगळे होते. एकाच यंत्रावर अनेक आभासी यंत्रे आणि एकाच तारेवर अनेक आभासी जाले चालू लागल्यावर या गृहीताची झाकली मूठ उघडली. हा क्रम कसा घडला ते पाहण्यासाठी तारायंत्रापर्यंत मागे जाणे अवश्य आहे.

फ्रेंच तारखात्यातील एमिल बोदो यांनी १८७४ साली ज्या यंत्रणेचे एकस्व घेतले, तीत एकच तार अनेक तारमास्तरांत काळाच्या तुकड्यांनी वाटलेली होती. एक फिरता वितरक क्रमाक्रमाने प्रत्येकाच्या पाच कळींच्या फलकाला तारेशी जोडी. आपली पाळी आली की यंत्रातून टिकटिक असा ठेका येई आणि त्या ठेक्याबरोबर मास्तराने कळी दाबावयाच्या असत. एखाद्याजवळ पाठविण्यासारखे काही नसले तरी त्याची पाळी येई आणि रिकामी जाई. येथे वाटेकरी म्हणजे तारेशी जोडलेला फलक. त्याचा वाटा यंत्राच्या घडणीतच कोरलेला होता, आणि कोणी जास्त मागावे अशी सोयही नव्हती. हमी संपूर्ण, परंतु रिकाम्या पाळीचा अपव्ययही तितकाच संपूर्ण असे या पद्धतीचे स्वरूप होते. पुढील दीडशे वर्षांचा वाद या दोन टोकांमध्येच फिरत राहिला आहे.

दुसरे टोक टेलिफोनने पुढे आणले. कोपनहेगन टेलिफोन कंपनीत काम करणारे डॅनिश गणिती आग्नेर क्रारुप एर्लांग यांनी १९०९ व १९१७ या वर्षी प्रसिद्ध केलेल्या निबंधांत असे दाखविले की, सर्व ग्राहक एकाच वेळी बोलावयास बसत नसल्याने ग्राहकांच्या संख्येहून कितीतरी कमी तारांवर काम भागते. किती तारा ठेवल्या असता किती बोलावणी नाकारावी लागतील, याचे सूत्र त्यांनी दिले. दूरध्वनीच्या वर्दळीच्या मापाला १९४६ साली त्यांचेच नाव देण्यात आले. एर्लांग यांच्या गणितात ग्राहक व्यक्ती म्हणून उरत नाही. तो समूहातील एक संभाव्यता बनतो. ज्याला तार मिळाली त्याला ती पूर्ण मिळते, ज्याला मिळाली नाही त्याला काहीच मिळत नाही. अर्धा वाटा ही कल्पनाच तेथे संभवत नाही.

ती कल्पना पॅकेटने आणली. अमेरिकेत पॉल बॅरन यांनी १९६४ मध्ये आणि इंग्लंडच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत डोनाल्ड डेव्हिस यांनी १९६५ पासून, परस्परांस ठाऊक नसता, संदेशाचे लहान लहान तुकडे करून ते स्वतंत्रपणे पाठविण्याची योजना मांडली. त्या तुकड्याला नाव काय द्यावे हा प्रश्न डेव्हिस यांच्यापुढे होता. 'पॅकेट' हा शब्द निश्चित करण्यापूर्वी त्यांनी आपल्याच संस्थेतील भाषाशास्त्रज्ञांचा सल्ला घेतला व इतर भाषांतही त्याचे सगोत्र शब्द आहेत याची खात्री करून घेतली. तंत्रज्ञांनी नामकरणापूर्वी भाषाशास्त्रज्ञाचे दार ठोठावावे असा प्रसंग विरळाच! मराठीत तर 'पाकीट' टपालखात्याबरोबरच स्थिरावले होते, त्यामुळे हा शब्द आपल्याला परका वाटत नाही.

पॅकेटच्या पद्धतीत कोणाचीही पाळी राखून ठेवलेली नसते. ज्याचे पाकीट आले ते रांगेत उभे राहते, वाहिनी मोकळी झाली की पुढे जाते. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिस येथून स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटकडे आर्पानेटवरून पहिला संदेश गेला तेव्हा वाहिनीची क्षमता सेकंदाला ५० हजार बिट होती आणि तीवर हक्क सांगणारे मोजकेच होते. ओळखीपाळखीच्या विद्वानांच्या त्या मेळाव्यात वाटणीचे नियम करण्याची गरज कोणाला भासली नाही. राउटरच्या रांगेत पुढे आलेल्यास पुढे सोडावे एवढाच नियम होता, आणि त्याचा गर्भितार्थ असा की, जो अधिक पाकिटे ओततो त्याला अधिक वाटा मिळतो. वाटेकरी येथे मनुष्य नव्हे, यंत्र नव्हे, तर पाकीट!

हे गृहीत ऑक्टोबर १९८६ मध्ये कोसळले. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचे विद्यापीठ यांच्यामधील अंतर अवघे ४०० यार्ड. त्यांना जोडणाऱ्या मार्गावर सेकंदाला ३२ हजार बिट जात असत, ते प्रमाण एकाएकी ४० बिटांवर आले. तार तुटलेली नव्हती, यंत्रही बिघडलेले नव्हते. झाले होते ते असे : पाकीट पोहोचल्याची पावती वेळेत आली नाही की पाठविणारे यंत्र ते हरवले असे समजे आणि त्याची दुसरी प्रत धाडी. त्या प्रतींनी रांगा लांबल्या. रांगा लांबल्यामुळे पावत्यांना आणखी विलंब झाला आणि त्या विलंबामुळे आणखी प्रती निघाल्या. वाहिनी काठोकाठ भरलेली, पण त्यात वाहत होती ती बहुतांशी एकाच मजकुराची पुनरुक्ती. अशा कोंडीचे भाकीत जॉन नॅगल यांनी जानेवारी १९८४ च्या टिपणात केलेले होते. ते अनुभवास येण्यास पावणेतीन वर्षे लागली.

यावर व्हॅन जेकबसन यांनी मायकेल कॅरल्स यांच्या साहाय्याने जो उपाय केला, त्याचे विवरण १९८८ च्या निबंधात आहे. पाकीट हरवणे ही कोंडीची खूण मानावी, खूण दिसताच पाठविण्याचा वेग निम्मा करावा आणि पुढे तो हळूहळू वाढवावा, असा तो उपाय होता. डा-मिंग चिऊ व राज जैन यांनी १९८९ मध्ये गणिताने दाखविले की, वाढ बेरजेने आणि घट गुणाकाराने केली असता एकाच वाहिनीवरील प्रवाह कालांतराने समान वाट्यावर येतात. कोणी मध्यस्थ नाही, नोंदवही नाही, तरीही वाटणी होते. याला त्या काळच्या संगणकशास्त्रातील सर्वांत सुंदर निष्पत्तींपैकी एक म्हणावे लागेल.

परंतु या सौंदर्यात एक खोट होती. समान वाटा मिळतो तो प्रवाहाला, म्हणजे दोन यंत्रांमधील एका जोडणीला. एकाने एक जोडणी उघडली आणि शेजाऱ्याने दहा, तर शेजाऱ्याला दहापट मिळणार. हा केवळ तर्क नव्हे. डिसेंबर १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेला नेटस्केप नॅव्हिगेटर एकाच पृष्ठासाठी एका वेळी चार जोडण्या उघडीत असे, आणि पृष्ठ लवकर उमटते म्हणून तो लोकप्रियही झाला. वाटेकऱ्याची संख्या वाटेकऱ्यानेच ठरवावयाची असेल तर समान वाटणीला काय अर्थ उरतो? मिताक्षरेच्या परंपरेतील कुटुंबविभाग ज्यांनी अभ्यासला असेल त्यांना या पेचाची ओळख पटेल. मृत बंधूचे चार पुत्र वाटणीस आले तर त्यांना चार वाटे नव्हेत, बापाचा एक वाटा मिळून मिळतो. डोकी मोजावी की शाखा मोजावी, हा विवाद धर्मशास्त्राने केव्हाच ओळखला होता. संगणकशास्त्राला त्याचा नव्याने शोध लावावा लागला.

तो शोध लावण्याचा पहिला मान पुन्हा नॅगल यांच्याकडेच जातो. डिसेंबर १९८५ च्या टिपणात त्यांनी सुचविले की, राउटरने सर्वांची एक रांग न ठेवता प्रत्येक उगमासाठी निराळी रांग ठेवावी आणि प्रत्येक रांगेतून पाळीपाळीने एकेक पाकीट सोडावे. म्हणजे जो अधिक ओतील त्याचीच रांग लांबेल, इतरांची नव्हे. ॲलन डेमर्स, श्रीनिवासन केशव आणि स्कॉट शेंकर यांनी झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रात हीच कल्पना पुढे नेली. पाकिटे लहानमोठी असली तरी बिटांच्या हिशेबाने समान वाटणी कशी करावी, हे त्यांनी १९८९ च्या निबंधात सिद्ध केले. त्या निबंधाची ख्याती त्यातील गणनापद्धतीमुळे आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र त्यातील एक छोटा परिच्छेद अधिक मोलाचा आहे, कारण तेथे 'वापरकर्ता' या शब्दाचा अर्थ काय हा प्रश्न लेखकांनी उघडपणे उपस्थित केला आहे.

त्यांची छाननी अशी. पाठविणाऱ्या यंत्राला वाटेकरी मानावे, तर अनेकांची सेवा करणारा फाइल-सर्व्हर आणि एकट्याचे यंत्र यांना सारखाच वाटा मिळतो. यात सर्व्हरवर अन्याय होतो. घेणाऱ्याला वाटेकरी मानावे, तर कोणीही खोडसाळ मनुष्य नको असलेली पाकिटे त्याच्यावर लोटून त्याचा वाटा फस्त करू शकतो. यंत्रावरील प्रत्येक कामाला वाटेकरी मानावे, तर लोक एका कामाची चार कामे करतील. आणि पाठविणारा व घेणारा या जोडीला मानावे, तर एखादा अनेक ठिकाणी पाकिटे धाडून हवा तितका वाटा बळकावील. चारही पर्याय सदोष ठरवूनही त्यांनी शेवटचा पर्याय पत्करला, आणि तो तडजोड म्हणूनच पत्करला. पुढील ग्रंथांत व पाठ्यपुस्तकांत गणनापद्धती तेवढी उतरली, तडजोडीची कबुली मागे राहिली. विद्येच्या इतिहासात असे वारंवार घडते.

येथे एका शब्दाचा विचार करणे अप्रस्तुत होणार नाही. या साहित्यात सर्वत्र आढळणारा 'फेअर' हा इंग्रजी शब्द एकाच वेळी निःपक्षपाती, समान आणि पटण्याजोगा अशा तीन छटा वाहतो. मराठीत 'समान', 'न्याय्य' आणि 'रास्त' हे तीन निराळे शब्द आहेत आणि कोणताही मराठी वाचक त्यांची गल्लत करीत नाही. रास्त भाव म्हणजे समान भाव नव्हे. गणिताने सिद्ध झाले होते ते 'समान', परंतु वाचले गेले ते 'न्याय्य' असे. बॉब ब्रिस्को यांनी २००७ साली प्रवाहनिहाय समतेवर जो कडाडून हल्ला चढविला, त्याचे मर्म हेच होते. न्याय हा माणसामाणसांत अथवा संस्थांसंस्थांत संभवतो, जोडण्याजोडण्यांत नव्हे, आणि हिशेब व्हावयाचा तर प्रत्येकाने इतरांवर लादलेल्या कोंडीचा व्हावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. फ्रँक केली यांनी १९९७ पासून मांडलेल्या सिद्धान्ताचा त्याला आधार होता. वाहिनीचा प्रत्येक दुवा आपल्या कोंडीप्रमाणे मोल आकारतो आणि प्रत्येक वापरकर्ता आपल्या ऐपतीप्रमाणे वाटा घेतो, असे त्या सिद्धान्ताचे स्थूल रूप आहे. ब्रिस्को यांचा सूर काहीसा प्रचारकी आहे हे खरे. तथापि त्यांच्या प्रश्नाला समाधानकारक उत्तर कोणी दिले असे दिसत नाही.

यादरम्यान व्यवहार आपल्या मार्गाने पुढे चालला होता. एखादी महागडी वाहिनी अनेक संस्था मिळून घेत, आणि प्रत्येकीला आपल्या वर्गणीइतका वाटा हवा असे. सॅली फ्लॉइड व जेकबसन यांनी १९९५ मध्ये यासाठी शाखा-उपशाखांची रचना मांडली : प्रथम संस्थांत वाटणी, मग प्रत्येक संस्थेच्या वाट्यात तिच्या कामांची वाटणी. एखाद्या शाखेचा वाटा पडून राहिला तर तो आधी तिच्याच भावंडांना मिळावा, असाही त्यात दंडक होता. वाटेकरी म्हणजे संस्था, हे उत्तर येथे प्रथमच स्पष्ट शब्दांत आले. याच काळात अभय पारेख व रॉबर्ट गॅलागर यांनी, पाठविणाऱ्याने ठरलेला वेग पाळला आणि राउटरने भारानुसार वाटणी केली तर विलंबाला निश्चित मर्यादा घालता येते, हे सिद्ध केले. त्यावर उभारलेल्या हमीच्या योजना महाजालावर सर्वदूर कधी रुजल्या नाहीत. बहुतेक संस्थांनी अधिक रुंद वाहिन्या घालून प्रश्न पुढे ढकलला.

तो परत आला आभासी यंत्रांच्या रूपाने. 'व्हर्च्युअल' या शब्दासाठी मराठीत 'आभासी' रूढ झाला आहे. तो आता बदलणे नाही, पण तो दिशाभूल करतो हे सांगितले पाहिजे. लॅटिन 'व्हर्टुस' म्हणजे सामर्थ्य, गुण. त्यावरून आलेला शब्द 'रूपाने नसले तरी सामर्थ्याने तेच' असा अर्थ देतो. आपल्याकडे वेदान्ताच्या संस्कारामुळे 'आभास' म्हटले की शिंपीवरील रुपे आठवते. आभासी यंत्र हे शिंपीवरील रुपे नव्हे. त्यावर खरा व्यवहार होतो आणि त्याचे खरे भाडे द्यावे लागते. आयबीएमच्या केंब्रिज येथील केंद्रात १९६७ च्या आरंभी सीपी-४० ही प्रणाली वापरात आली, तेव्हा एका मोठ्या संगणकावर अनेक जणांना प्रत्येकी स्वतंत्र संगणक मिळाल्याचा अनुभव येऊ लागला. त्या काळी वाटून घ्यावयाचे होते ते प्रोसेसरचे क्षण आणि स्मृतीची जागा. जालाचा प्रश्न नव्हता.

२००३ मध्ये इंग्लंडातील केंब्रिज विद्यापीठातून झेन ही प्रणाली आली आणि ऑगस्ट २००६ मध्ये तिच्या आधारावर ॲमेझॉनने आभासी यंत्रे तासाच्या भाड्याने देण्यास आरंभ केला. (मुंबईत त्या कंपनीचा केंद्रसमूह जून २०१६ पासून चालू आहे.) अशा यंत्राच्या ग्राहकाला इंग्रजीत नाव पडले ते 'टेनंट', म्हणजे भाडेकरू. हे नाव मोठे समर्पक आहे. एकाच इमारतीत अनेक बिऱ्हाडे, प्रत्येकाच्या खोलीला स्वतःचे कुलूप, पण जिना एक आणि पाण्याची टाकी एक. हायपरव्हायजर, म्हणजे एका यंत्रावर अनेक आभासी यंत्रे सांभाळणारी आज्ञावली, प्रोसेसर आणि स्मृती यांची चोख वाटणी करू शकते, कारण दोन्ही तिच्या हाताखाली असतात. जालाची गोष्ट निराळी आहे. कोंडी होते ती तीन स्विच पलीकडे, जेथे शंभर यंत्रांवरील भाडेकरूंची पाकिटे एकत्र येतात, आणि तेथील काहीच या यंत्रावरील हायपरव्हायजरला दिसत नाही. म्हणून भाडेकरूच्या करारात प्रोसेसरचा व स्मृतीचा आकडा स्पष्ट असे, आणि जालाच्या रकान्यात 'मध्यम', 'उच्च' अशी विशेषणे असत. कराराच्या भाषेत संख्येच्या जागी विशेषण आले की तेथे काहीतरी ठरलेले नाही असे खुशाल समजावे.

यात हानी कोणाची? आपले काम शेकडो यंत्रांवर विभागून देणाऱ्याची. अशा कामाचा शेवट सर्वांत मागे राहिलेल्या यंत्राबरोबर होतो. शेजारच्या भाडेकरूने जोडण्यांचा पूर सोडला आणि एक यंत्र अडले, की उरलेली सर्व यंत्रे वाट पाहत बसतात आणि भाडे चालूच राहते. ज्याची चूक नाही त्यालाच त्याचे मोल भरावे लागते. मोठ्या गणनेवर विसंबणाऱ्या प्रयोगशाळांना व लहान कंपन्यांना हा केवळ सिद्धान्ताचा प्रश्न नव्हता.

उपायांची मालिका २०१० च्या सुमारास सुरू झाली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सीवॉल या योजनेत प्रत्येक आभासी यंत्राला एक भार दिलेला असतो, आणि त्याने कितीही जोडण्या उघडल्या तरी कोंडीच्या ठिकाणी त्याला भाराइतकाच वाटा मिळतो. दहा जोडण्यांची युक्ती येथे निष्फळ ठरते. तथापि भार पाठविणाऱ्याचा धरला जातो, घेणाऱ्याचा नव्हे. त्यामुळे ज्याच्याकडे पुष्कळ जण पाठवितात तो भाडेकरू लाभात राहतो. झेरॉक्स केंद्रातील त्रिवर्गाने १९८९ मध्ये मांडलेल्या चार पर्यायांपैकी पहिलाच येथे नव्या वेषात उभा राहिला आहे.

त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिज येथील संशोधनकेंद्रातून ऑक्टोपस ही योजना आली. तिची मूळ कल्पना एटी अँड टी च्या संशोधकांनी १९९९ मध्ये मांडलेल्या 'होज' या नमुन्यात सापडते. दहा शाखांच्या संस्थेने प्रत्येक शाखेतून प्रत्येक शाखेकडे किती जाईल हे सांगावयाचे तर ९० आकडे द्यावे लागतात, आणि ते आधी कोणालाच ठाऊक नसतात. त्याऐवजी प्रत्येक शाखेत एकूण किती येईल व किती जाईल एवढेच सांगावे, म्हणजे २० आकडे पुरतात. ऑक्टोपसमध्ये भाडेकरू याहूनही सोपी मागणी करतो : मला १० यंत्रे द्या आणि प्रत्येकाला १०० मेगाबिट द्या. आता या दहांपैकी तीन यंत्रे एका स्विचखाली आणि सात अन्यत्र ठेवली, तर त्या स्विचच्या वरच्या दुव्यावर ३०० मेगाबिट राखावे लागतात, कारण तीन यंत्रे मिळून त्याहून अधिक पाठवू वा घेऊ शकत नाहीत. पाच-पाच अशी विभागणी केली तर ५०० राखावे लागतात. नऊ-एक केली तर अवघे १००. म्हणजे वाट्याचा प्रश्न जागेच्या प्रश्नात रूपांतरित होतो : यंत्रे कोठे ठेवावी हे नीट ठरले की बँडविड्थची हमी स्वस्तात देता येते. योजनेतील ही मर्मदृष्टी खरी आहे. परंतु राखून ठेवलेला वाटा वापराविना पडला तरी तो राखीवच राहतो, आणि बोदो यांच्या वितरकातील रिकामी पाळी सव्वाशेहून अधिक वर्षांनी पुन्हा भेटते.

हे सर्व प्रयत्न समोर ठेवून बर्कली विद्यापीठातील व अन्य ठिकाणच्या संशोधकांच्या एका गटाने २०१२ मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला, तो या इतिहासातील निर्णायक टप्पा मानावा लागेल. लुसियन पोपा हे त्याचे प्रथम लेखक आणि फेअरक्लाउड हे त्याचे नाव. भाडेकरूंना तीन गोष्टी हव्या असतात असे ते म्हणतात : कमीतकमी वाट्याची हमी, दिलेल्या भाड्याच्या प्रमाणात वाटा, आणि मोकळी क्षमता वाया न जाणे. यांपैकी पहिल्या दोहोंत मूलतःच विरोध आहे. एका यंत्रावर दोन भाडेकरूंचे एकेक आभासी यंत्र असून बाहेर जाणाऱ्या दुव्याची क्षमता १००० मेगाबिट आहे, असे समजू. एकाची एकूण २ यंत्रे आहेत, दुसऱ्याची ८, आणि दोघांचाही सर्व व्यवहार याच दुव्यावरून होतो. भाड्याच्या प्रमाणात वाटणी केली तर पहिल्याला २०० व दुसऱ्याला ८०० मेगाबिट मिळतात. पण पहिला म्हणेल की, या यंत्रात आम्ही दोघेच आहोत, तेव्हा ५०० ची हमी माझी आहे. दोघांचेही म्हणणे खरे आहे, आणि दोन्ही एकाच वेळी पुरविता येत नाहीत.

प्रमाण आणि पूर्ण उपयोग यांतील विरोध अधिक सूक्ष्म आहे. भाडेकरूचा वाटा संपूर्ण जालाच्या हिशेबाने मोजावयाचा, तर त्याने एखादा ओस पडलेला दुवा वापरला तरी ते त्याच्या खात्यावर पडते, आणि गर्दीच्या दुव्यावरील त्याचा वाटा तेवढा घटतो. साहजिकच तो ओस दुवा ओसच ठेवील. न्यायाच्या नियमाने अपव्ययाला उत्तेजन मिळते! लेखकांनी यावर एकच उत्तर दिले नाही. कोणती मागणी सोडावयाची त्याप्रमाणे त्यांनी तीन निरनिराळ्या वाटपपद्धती दिल्या आणि निवड वाचकावर सोपविली. हा त्यांचा प्रामाणिकपणा होय. अशक्यतेचा स्पष्ट उच्चार झाल्यामुळे पुढील चर्चेला निदान शिस्त आली.

या विरोधातून सुटलेले एकच क्षेत्र दिसते, आणि ते म्हणजे जेथे भाडेकरूच नाहीत असे जाल. गूगलने आपल्या डेटा सेंटरांना जोडणाऱ्या बी-फोर या खासगी जालाची माहिती २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. लांब पल्ल्याच्या वाहिन्यांचा सरासरी उपयोग सामान्यतः ३० ते ४० टक्के ठेवण्याची वहिवाट असता, येथील अनेक दुवे जवळजवळ १०० टक्के वापरले जातात असे त्यात म्हटले आहे. याचे श्रेय एका केंद्रीय नियंत्रकाला दिले जाते आणि ते योग्यही आहे. परंतु नियंत्रक यशस्वी होतो, कारण सर्व वाटेकरी एकाच धन्याचे चाकर आहेत. कोणते काम थांबले तर चालेल हे धनी सांगू शकतो, आणि थांबविलेले काम तक्रार घेऊन अन्यत्र जात नाही. भाडेकरूंच्या वस्तीत हा अधिकार कोणाकडे नसतो. म्हणूनच बी-फोरचे यश हे मेघसेवांच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून सांगितले जाते तेव्हा सावध राहिले पाहिजे.

भाडेकरूंच्या वस्तीत पुढे निघालेला प्रश्न याहून अवघड आहे. आरंभीच्या योजनांत प्रत्येक भाडेकरू आपल्याच यंत्रांशी बोलतो असे धरलेले होते. प्रत्यक्षात एक भाडेकरू दुसऱ्याने चालविलेली साठवणीची, शोधाची किंवा माहितीची सेवा वापरतो, आणि अशा परस्परव्यवहाराचे प्रमाण डेटा सेंटरांत लक्षणीय आहे. ऑक्टोपसच्याच काही लेखकांनी २०१३ मध्ये यावर हॅड्रियन ही योजना मांडली. आता एका जोडणीच्या दोन टोकांना दोन निरनिराळे भाडेकरू आहेत. एकाने थोडे भाडे भरले आहे, दुसऱ्याने पुष्कळ. ती जोडणी कोणाच्या खात्यावर लिहावयाची? मोठ्याच्या खात्यावर लिहिली, तर लहान भाडेकरू मोठ्या सेवेच्या आडोशाने आपल्या वाट्याहून अधिक घेतो. लहानाच्या खात्यावर लिहिली, तर पुष्कळ भाडे भरूनही मोठ्या सेवेला आपल्या ग्राहकांपर्यंत पोहोचता येत नाही. प्रत्येक जोडणीचा वेग दोन्ही टोकांच्या भाड्यांनी मर्यादित व्हावा, भाडेकरूने आपण कोणाकोणाशी बोलणार हे आधी सांगावे, आणि त्यावरून त्याची यंत्रे कोठे ठेवावी हे ठरावे, असा हॅड्रियनच्या लेखकांचा तोडगा आहे. पाठविणारा की घेणारा, या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर 'दोघेही' असे आहे, आणि ते देण्यासाठी भाडेकरूकडून एक नवी कबुली त्यांना मागावी लागली : आपले शेजारसंबंध आगाऊ जाहीर करण्याची.